अकरा शनिवार

काळूचा शनिवार थाटात जातो. सकाळी आठपासून शेल्टरच्या फाटकाशी स्कूटर लागायला लागतात. साडेसातीवाले, बढती अडलेले, पोराचं लग्न जमत नसलेले. प्रत्येकाच्या हातात फॉइलमध्ये गुंडाळलेली, मोहरीचं तेल चोपडलेली पोळी. ज्योतिषाची अट एकच, कुत्रा काळा हवा. परवा एका काकूंना काळूच्या छातीवर रुपयाएवढा पांढरा ठिपका दिसला. त्यांनी पोळी डब्यात परत ठेवली आणि जास्त काळा कुत्रा शोधायला पुढे गेल्या. एकाने तर पोळी घालण्याआधी चपला काढल्या.

काळू आधी तेल चाटतो, मग पोळी उलटून पाहतो, खाली मटणाचा तुकडा आहे का. नसतो. सातव्या पोळीनंतर तो पाठ फिरवून झोपतो आणि आठव्या माणसाचा शनी तसाच राहतो.

रविवारी त्याच आवारात दत्तक शिबिर भरतं. त्या दिवशी काळूच्या गळ्यात लाल रुमाल बांधतात आणि त्याला ऑस्कर म्हणतात. माझी पुतणी तिथे स्वयंसेवक आहे. नाव बदललं की घर मिळतं, असं तिचं मत. नाव काळूला अजून कुणी सांगितलेलं नाही. ‘ऑस्कर’ अशी हाक आली की तोही मान वळवून बघतो, कोण येतंय ते.

“हस्की नाही का?” पहिल्याच कुटुंबाचा प्रश्न. सायबेरियाच्या बर्फात गाड्या ओढणारं ते जनावर यांना पुण्यात हवंय, तिसऱ्या मजल्यावर. “उन्हाळ्यात एसी लावू की.” नसला तर लॅब्रॅडॉर. तोही नसला तर मग “बघून जाऊ.” गावठी म्हटलं की चेहरे पडतात, म्हणून शेल्टरवाले आता ‘इंडी’ म्हणतात. हेच लोक गावठी अंड्याला दोन रुपये जास्त मोजतात आणि गावठी तुपासाठी गावाकडच्या मावशीशी संबंध टिकवून असतात. घरी दत्ताची तसबीर असते, पायाशी चार कुत्री. मी निरखून पाहिलंय, त्यात एकही लॅब्रॅडॉर नाही.

एका गृहस्थांची नजर काळूच्या कानावर गेली. “शेंडा कुणी चावला?”

पुतणीने समजावलं, “चावला नाही काका. नसबंदी आणि रेबीजची लस झाली की खूण म्हणून कापतात.”

“म्हणजे माल डॅमेज आहे. मग काही कमी?”

“फुकटच आहे, काका.”

“तरीपण.”

2025च्या ऑगस्टात मात्र कुत्र्यांबद्दल सगळ्यांनाच मत होतं. 11 तारखेला सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातली भटकी कुत्री उचलून शेल्टरमध्ये ठेवायला सांगितलं. 22 तारखेला आदेश बदलला. नसबंदी करा, लस द्या आणि उचललं तिथेच सोडा. पिसाळलेली नि अंगावर येणारी तेवढी सोडू नका. मधल्या अकरा दिवसांत आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर पानिपत झालं. एक पक्ष म्हणे सगळी आत टाका, दुसरा म्हणे सगळी रस्त्यावर राहू द्या. 22 तारखेच्या आदेशात आणखी एक गोष्ट होती. ज्याला कुत्रा दत्तक हवा त्याने महापालिकेकडे अर्ज करावा, आणि नेलेला कुत्रा पुन्हा रस्त्यावर येता कामा नये. तेवढा मजकूर मात्र कुणी फॉरवर्ड केला नाही.

या रविवारी दुपारी शिबिर आवरत आलं. तेवढ्यात शनिवारचे ते चपला काढणारे गृहस्थ आले. आम्ही सावरून बसलो. पुतणीने फॉर्म पुढे केला. आधार कार्ड, लाइट बिल, घर बघायला आमचा माणूस येईल, सगळं त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“मला अकरा शनिवार सांगितलेत,” ते म्हणाले. “दर वेळी इतक्या लांब येणं जमत नाही. याला घरी नेतो. अकरावा शनिवार झाला की आणून सोडतो.”

पुतणीने फॉर्म काढून घेतला. ते दुखावले आणि माझ्याकडे वळले. “एवढं आहे तर तुम्ही का नाही नेत?”

आमच्या सोसायटीत चालत नाही, असं मी म्हणणार होतो. पण सोसायटीला पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही, अशी पाटी माझ्याच डोक्यावर लावलेली होती. ती सकाळी मीच खिळे ठोकून लावली होती.

मी वाकून काळूचा रुमाल सोडवायला लागलो. गाठ फार घट्ट बसली होती.