जम बसला, धंदा बसला

धुळ्याच्या बाजारात कुणी ‘भाव पडना’ म्हणालं, की हिंदीत विचार करणाऱ्या पाहुण्या व्यापाऱ्याला वाटतं, भाव अजून पडायचाय; वेळ आहे. अहिराणीत ‘पडना’ म्हणजे पडला. व्याकरण कळेपर्यंत माल गळ्यात आलेला असतो.

पडझडीच्या शब्दांचा खान्देशात दुष्काळ नाही. फक्त मोठे शब्द किरकोळ दुखण्यांवर उधळले जातात आणि खरंच काही कोसळलं, की माणसं दोन शब्दांवर भागवतात.

साडेसातीच घ्या. शनी एका राशीत साधारण अडीच वर्षं मुक्काम करतो, तीन राशींची मिळून साडेसात. एवढा लांब पल्ल्याचा शब्द, पण घरात तो मिक्सर जळाला, मोटारसायकल पंक्चर झाली आणि गॅस संपला, की एकाच सकाळी लागू होतो. मग नांदगाव तालुक्यातल्या नस्तनपूरला शनिमहाराजांना तेल वाहून यायचं ठरतं. निघण्याआधीच मिस्तरी सापडला, तर साडेसाती दुपारी सुटते.

पानिपताचंही तेच. 14 जानेवारी 1761 रोजी मराठ्यांची एक पिढी कापली गेली. आता वॉर्डातला उमेदवार अकरा मतांनी पडला, तरी चहाच्या टपरीवर ‘पानिपत झालं’ म्हणतात. पडलेला उमेदवार तिथेच बसून पोहे खात असतो.

उलट, जळगावची खान्देश मिल आणि धुळ्याची न्यू प्रताप. या गिरण्यांच्या भोंग्यावर शहरं उठायची, डबे भरायची. त्या बंद पडल्या. जळगावच्या मिलच्या जागेवर आज खरेदीचं संकुल उभं आहे. पण जुना कामगार हे सगळं सांगताना ना ‘ऱ्हास’ म्हणतो, ना ‘अधोगती’. तो म्हणतो, ‘मिल बसली.’ बस्स.

हे ‘बसणं’ मोठं बेभरवशाचं. आधी धंद्याचा जम बसतो, मग धंदा बसतो आणि धंदा बसला, की दुकान उठतं. परभाषिक सुनेला हे समजावताना सासऱ्याच्या मराठीचाच जम बसत नाही.

सराफ बाजारात वेगळी काळजी. पूर्वी सावकार बुडाला, की भर दिवसा दुकानात दिवा लावायचा, त्यावरून ‘दिवाळं’ आलं, अशी एक व्युत्पत्ती सांगतात. असेल खरी. नाहीतर ‘काय दिवे लावलेस?’ हा प्रश्न बापाच्या तोंडी निकालाच्याच दिवशी का यावा? पेढीवर मात्र हा शब्द कुणी काढत नाही. तिथे फार तर ‘हात जरा आखडलाय’. हा आखडलेला हात किती जणांचे पैसे घेऊन आखडलाय, हे नंतर कळतं.

पीक बुडालं, की सरकारचे शब्द येतात. दुष्काळ थेट येत नाही, आधी ‘टंचाई’ येते, मग ‘दुष्काळसदृश परिस्थिती’. पन्नास पैशांच्या आतल्या पैसेवारीसाठी गाव तलाठ्याभोवती गोळा होतं. शेतकरी तिला अजून आणेवारीच म्हणतात. 1957 साली दशमान नाणी आली, आणे हळूहळू व्यवहारातून गेले, पण नुकसान मोजायला ते कामावर आहेत.

1972 चा दुष्काळ मात्र आडनावासारखा राहिला. ‘बहात्तरचा’ एवढंच पुरे. मिलोची लाल भाकरी आणि सुकडी खाल्लेली माणसं त्याबद्दल फार बोलत नाहीत. नातवंडं पंगतीत जिलबीवर तुटून पडली, की तेवढं विचारतात, ‘काय रे, बहात्तरमधून आलास का?’

हिवाळ्यात शेतात भरिताची पार्टी होते. तुरीच्या वाळक्या काड्यांवर वांगी भाजली जातात, बडगीत मिरची-लसूण ठेचले जातात, कळण्याची भाकरी येते. आजोबा पहिला घास घेऊन जाहीर करतात, ‘भरिताची रया गेली. वांगी पहिल्यासारखी राहिली नाहीत.’ गेल्या वर्षी हेच म्हणाले होते, त्याच्या आधीही. सून पातेलं उचलायला लागते, तेव्हा आजोबा ताट पुढे सरकवतात.

‘वाढ थोडं. रया गेली म्हटलं, चव नाही.’