सहज दिसणारे अण्णा

कोल्हापुरात अण्णा पुष्कळ. गुळाचे अण्णा, चपलांचे अण्णा, फरसाणाचे अण्णा. यातल्या कुणालाही धंद्याचे फोटो काढायला बसवलं तरी हकीगत फारशी बदलणार नाही. मला जवळून माहीत आहेत ते लक्ष्मीपुरीतले, कांदा-लसूण चटणीचे.

अण्णांचा धंदा आजवर ओळखीवर चालला. मार्च उजाडला की मिरच्यांची पोती उतरायची, डंक सुरू व्हायचा आणि निम्मी गल्ली शिंकत शिंकत गिऱ्हाईक व्हायची. आता सुनेनं ऑनलाइन विक्रीचं मनावर घेतलं आणि राजारामपुरीतल्या एका फोटोग्राफर मुलीला ठरवलं. मुलीनं आठवडाभर आधी तयारीची यादी पाठवली. पुडे न चुरगळलेले हवेत, कपडे एकरंगी, चष्म्याच्या काचा पुसलेल्या, टेबल रिकामं. शेवटी होतं, 'मालकांचे काही फोटो, काम करताना, सहज.'

अण्णांनी आयुष्यात सगळं केलं होतं. सहज काही केलं नव्हतं.

त्यांनी पहिली चौकशी केली ती वेळेची. अर्धा दिवस बुक केलाय म्हटल्यावर त्यांचा चेहरा खुलला. "म्हणजे अर्ध्या दिवसात कितीबी काढायचे?" हो, तसंच म्हणायला हरकत नव्हती. अण्णांनी कालनिर्णयच्या पानामागं स्वतःची यादी सुरू केली. पुडे आणि डंक वरती, मान राखायला. त्याखाली पुतण्याचा स्थळांना पाठवायचा फोटो ("पोरगा समोरून बरा दिसतो, बाजूनं घेऊ नका म्हणावं"), नातवाचा शाळेच्या ओळखपत्राचा, काकूंचा बँकेतल्या केवायसीचा. सगळ्यात खाली एकच शब्द होता, 'हाराचा.'

हा कसला, असं सुनेनं विचारलं. अण्णा शांतपणे म्हणाले, "थोरल्या दादांच्या वेळेला ऐन वक्ताला फोटो घावला नाही. मतदानाच्या कार्डावरचा मोठा करून घेतला. तेराव्याला आलेली माणसं विचारत होती, हे कोण?"

कपड्यांचं प्रकरण अवघड निघालं. बारीक चौकडी कॅमेऱ्यात वळवळते, ती नको, असं मुलीनं मुद्दाम लिहिलं होतं. अण्णांचं कपाट उघडलं तर वरपासून खालपर्यंत चौकडी. अण्णा शर्ट विकत घेत नाहीत. लग्नाकार्यात आहेराचे शर्टपीस येतात, ते शिवतात, आणि आहेर करणाऱ्याला चौकडीपलीकडे काही सुचत नाही. मग महाद्वार रोडला जाऊन प्लेन शर्ट आणला. तो प्लेन होता खरा, पण असा चकाकत होता की त्यात समोरच्याला भांग पाडता आला असता. फेट्यावरूनही घरात दोन तट पडले. अण्णांचा दाखला दिल्लीचा होता: एमडीएचचे महाशय धरमपाल गुलाटी 2020 साली गेले, तोवर फेटा बांधून स्वतःच स्वतःच्या जाहिरातीत दिसले. "त्या माणसानं मॉडेल आणलं न्हाई." सून म्हणाली, पण तुम्ही रोज फेटा बांधत नाही. अण्णा म्हणाले, रोज फोटो तरी कुठं काढतोय?

आदल्या रात्री केस काळे झाले. मिशाही झाल्या. कपाळावर उतरलेला काळा ओघळ काकूंनी रॉकेल लावून काढला, त्याच्या जागी लाल पट्टा उठला.

दुकानाची तयारी अण्णांनी कुणाला न विचारता केली. मागच्या भिंतीला इतक्या वर्षांच्या मिरचीच्या धुरळ्यानं एक गहिरा तांबूस रंग चढला होता, फोटोग्राफर मुलीनं पाहणीला आल्यावर त्याच भिंतीकडे बोट दाखवून "मस्त" म्हटलं होतं. अण्णांनी त्या 'मस्त'चा अर्थ 'एवढं झाकायला पाहिजे' असा घेतला आणि भिंतीला पिस्ता ऑइलपेंट मारला. पोती मागं गेली. डंक धुऊन पुसून, हळदकुंकू लावून, झेंडूचा हार घालून दसऱ्याला ठेवतात तसा ठेवला. ज्यात चटणी होते ती बाकीची प्रत्येक वस्तू दिसेनाशी झाली आणि तिच्या जागी पुतण्याचा लॅपटॉप आला.

मुलगी आली, तिनं पिस्ता भिंत पाहिली आणि काही बोलली नाही. वयाच्या मानानं फार समजूतदार. तिनं ट्यूबलाइट बंद करायला सांगितले, कारण खिडकीचा उजेड आणि ट्यूबचा उजेड एकत्र आले की चटणीचा लाल रंग बिघडतो. अण्णांना ते लागलं. "बिल भरलंय आमचं." शिवाय त्यांना प्रकाशयोजना कुणी शिकवायची गरज नव्हती. बाबूराव पेंटरांनी 1918 साली ज्या गावात स्वतः कॅमेरा बनवला, ज्या गावात खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ उभा आहे, त्या गावचे ते. लहानपणी जयप्रभा स्टुडिओत एका चित्रपटाच्या गर्दीतही उभे राहिले होते. गर्दीत दुसऱ्या रांगेत, डावीकडून. कोल्हापुरात अशी दुसरी रांग बरीच लांब आहे.

पुड्यांपासून सुरुवात झाली. अण्णांनी फोटोसाठी कोपरे दुमडलेले, दुकानातून परत आलेले पुडे काढून ठेवले होते, चांगला माल कशाला वाया घालवायचा म्हणून. चांगले पुडे आले तेव्हा अण्णांची अट अशी की लायसन्सचा चौदा आकडी नंबर वाचता आला पाहिजे. मुलगी म्हणाली, नंबर पुड्याच्या मागं आहे, फोटो पुढून आहे. "मग मागून काढ की. त्या नंबरासाठी किती हेलपाटे घातलेत आम्ही!"

शेवटी सहज फोटोची पाळी आली. अण्णा डंकाशेजारी उभे राहिले. पोट आत, हनुवटी वर, दोन्ही हात शिवणीला.

"अण्णा, जरा सैल उभे राहा."

अण्णांनी डोळे सैल केले.

मग त्या मुलीनं कॅमेरा खाली धरला आणि विचारलं की रंगाला कुठली मिरची घालता. अण्णा सुटले. रंगाला ब्याडगी, ती दिसायला लालभडक पण तोंडात गरीब, तिखटाला लवंगी, नुसती ब्याडगी घालून लाल चटणी विकणाऱ्यांचं काय करायला पाहिजे, खोबरं किती भाजायचं, कांदा उन्हात किती वाळवायचा. हात हलायला लागले, फेटा तिरका झाला, बोटं चिमूट धरून हवेत मीठ घालू लागली. मुलीनं पटापट क्लिक केलं. आवाज ऐकून अण्णा जागच्या जागी ताठ झाले.

"थांब थांब, मी तयार नव्हतो. ते सगळे पुसून टाक."

चटणीचं प्रमाण ज्यांच्या हातात आहे त्या काकू एवढा वेळ थर्माकोलचा पांढरा तक्ता धरून अण्णांच्या तोंडावर उजेड टाकत होत्या. आता काकू भाजताना घेऊ, असं मुलगी म्हणाली. "माझं काय त्यात, आले हात धुऊन," म्हणत काकू आत गेल्या. त्या पैठणी, नथ आणि दोन्ही हातांत पाटल्या घालून बाहेर आल्या, तोवर खिडकीतलं ऊन समोरच्या इमारतीमागं गेलं होतं. तरी त्यांनी कढईत मिरची टाकली. पहिल्या धुरालाच मुलगी खोकत रस्त्यावर, पुतण्या तिच्यामागं, सून दारात. अण्णांनी फेट्याचा शेमला नाकाला लावला. आत काकू एकट्या उलथनं हलवत उभ्या राहिल्या, आणि त्यांचा फोटो घ्यायला कॅमेऱ्यामागं कुणी नव्हतं.

फोटो आले. अण्णांनी ते 'डॉक्युमेंट करून' पाठवायला लावले. साधे पाठवले की फाटतात, हे त्यांना पक्कं ठाऊक झालं होतं. सुनेला आवडला तो हवेत मीठ घालणारा. अण्णांच्या मते त्यात मालक कोण आणि कामगार कोण ते कळत नाही. वाद मिटायची घाईही नाही, कारण जुने पाउच पोत्यानं छापून पडलेत. त्यांच्यावर इंटरनेटवरून उचललेली एक मिरची आहे, शेजारी लंबगोलात अण्णांचा पासपोर्टचा फोटो. ते संपल्याशिवाय नवे छापणं म्हणजे अण्णांच्या हिशेबी लक्ष्मीचा अपमान.

पुतण्याचा फोटो तीन स्थळांना गेला. हाराचा मात्र अण्णा स्वतः जाऊन त्याच आठवड्यात फ्रेम करायला टाकून आले. चांगला उतरलाय, एकदम सहज. फ्रेमवाल्यानं विचारलं, खाली नावासोबत काही घालायचं का?

"जन्मसाल घाल," अण्णा म्हणाले, "आणि पुढं जागा सोड. ऐसपैस सोड."