राडारोड्याला वारस पाहिजे

भिवंडीत कुणी मोरीच्या लाद्या बदलल्या, तर ते गल्लीला वेगळं सांगावं लागत नाही. जिन्याखाली सिमेंटच्या जुन्या गोण्या भरून उभ्या राहतात. एकीतून फुटक्या बेसिनचा काठ डोकावतो, दुसरीतून हिरव्या टाइलचा कोपरा. तिसरीचं तोंड उघडंच असतं, त्यातला गिलावा पायऱ्यांवर सांडतो. दोन दिवसांत गोण्यांवर पानाच्या पिचकाऱ्या पडतात. आठवड्याभरात कुणीतरी वर फाटकी गादी आणून टाकतो. एकदा गादी पडली की ती जागा अधिकृत झाली असं समजावं.

चौकशी करायला जावं, तर या गोण्या आपल्या पायांनी चालत आल्या असाव्यात असं वाटू लागतं.

घरमालक म्हणतात, “मी कॉन्ट्रॅक्टरला पूर्ण पैसे मोजलेत.” कॉन्ट्रॅक्टर म्हणतो, “शेठ, आपलं बोलणं लाद्या बसवायचं झालं होतं. उचलायचं कुठे ठरलं?” मिस्त्री म्हणतो, आपण तोडणारे. बिगारी म्हणतो, आपण खाली उतरवणारे, आणि खाली तर उतरवलंय. सोसायटीचे सेक्रेटरी व्हॉट्सअ‍ॅपवर सूचना टाकतात : ‘संबंधितांनी त्वरित दखल घ्यावी.’ त्यावर चाळीस जण अंगठा दाखवतात, संबंधितही दाखवतात. सकाळी घंटागाडी येते. गाडीवरचा माणूस लांबूनच मान हलवतो : “हा आमचा कचरा नाही.”

या सगळ्या गोतावळ्यात भंगारवाला तेवढा कर्तव्यदक्ष. हातोड्याचा पहिला आवाज ऐकून तो हजर होतो. जुने नळ, खिडकीचं अ‍ॅल्युमिनियम, गंजलेल्या सळ्या, दाराची चौकट, सगळं वजन करून, पैसे मोजून घेऊन जातो. ज्या वस्तूला भाव आहे तिला तासाभरात वारस मिळतो. उरतात विटांचे तुकडे, फुटक्या लाद्या आणि कोब्याची ढेकळं. त्यांच्या बाबतीत आपण सगळे अचानक निःस्पृह होतो.

कायद्याने मात्र वारस कधीच नेमलेला आहे. बांधकाम आणि पाडकाम कचऱ्याचे नियम २०१६च्या मार्चमध्ये आले. कचरा ज्याने निर्माण केला त्याने तो गोळा करावा, वेगळा करावा, साठवावा, आणि रस्ता किंवा गटार अडेल असा टाकू नये, असं त्यांत लिहिलं होतं. पुढच्याच महिन्यात आलेले घनकचऱ्याचे नियम आणखी एक पाऊल पुढे गेले : असा कचरा ‘स्वतःच्या आवारात’ वेगळा ठेवावा. दिल्लीत बसून ‘आवार’ लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे बहुधा बंगला असावा. यंत्रमागाच्या पाळीवरून आलेली माणसं जिथे आळीपाळीने झोपतात, त्या दहा बाय बाराच्या खोलीत आवार नेमकं कुठून सुरू होतं, याचा खुलासा राजपत्रात नाही. फुटका संडास उशाला घेऊन झोपल्यास नियमपालन झालं असं धरायला हरकत नसावी.

२०१६च्या बांधकाम-कचरा नियमांनुसार ज्यांचा राडारोडा दिवसाला २० टन किंवा एका कामात महिन्याला ३०० टनांवर जातो, त्यांनी काँक्रीट, माती, विटा-गिलावा, आणि लोखंड-लाकूड-प्लॅस्टिक अशा चार वाटण्या करायच्या होत्या. कामाआधी आराखडा मंजूर करून घ्यायचा होता. नवे २०२५चे नियम तर १ एप्रिल २०२६पासूनचे, आणि त्यांतली वाढीव जबाबदारी २०,००० चौरस मीटर आणि त्यापुढच्या बांधकामांसाठी. आपली मोरी चार बाय सहा फुटांची. आपण नियमाच्या जाळीतून इतक्या सहज खाली पडतो, की थेट गटारातच जाऊन बसतो.

पण २०१६चे नियम एकट्या घरमालकावर थांबत नव्हते, हे सोयीस्करपणे विसरलं जातं. स्थानिक संस्थेने राडारोड्यासाठी योग्य ती भांडी ठेवावीत, भरली की उचलावीत, हेही त्यांतच होतं. पाच ते दहा लाख वस्तीच्या शहरांना प्रक्रियेची सोय उभी करायला दोन वर्षं दिली होती. २०११च्या जनगणनेत भिवंडीची वस्ती सात लाखांवर होती, म्हणजे आपली मुदत २०१८ साली संपली. ते भांडं कुणाला आपल्या गल्लीत दिसलं असेल, तर त्याने शेजाऱ्यांनाही दाखवावं. दर्शनाचा लाभ सर्वांना मिळायला हवा.

तोवर व्यवस्था चालते ती छोट्या हत्तीवर. रात्री अकरानंतर टेम्पो येतो, गोण्या चढतात, रोख पैसे हातात पडतात. ‘नेणार कुठे?’ हा प्रश्न विचारणं असभ्य समजलं जातं. कामवारी नदीचा काठ आहे, कशेळी-काल्हेरकडची खाडी आहे, कुणाच्या तरी सखल शेतावर गोदामासाठी भरणी हवीच आहे. शिवाय शहराची हद्द ओलांडली की कारभारी बदलतो. भोवतालच्या ६० गावांचं नियोजन एमएमआरडीएकडे. शिवाय ग्रामपंचायत आहे, तहसीलदार आहेत, कांदळवन असेल तर वनखातं आहे. एका गोणीसाठी एवढी कार्यालयं! जिवंत माणसाच्या दाखल्यासाठीही एवढी धावत नाहीत. गोणीसाठी तर एकही धावत नाही. पावसाळ्यात पाणी वर चढलं, की तीच खाडी आपल्या लाद्यांचा पत्ता शोधत परत येते.

जे टेम्पोचंही भाडं वाचवतात, ते रस्त्यातला खड्डा गाठतात. त्याला लोकसहभाग म्हणावं. भिवंडीतल्या कित्येक खड्ड्यांत आज कुणाची तरी जुनी मोरी आहे. रिक्षाचं चाक तीत आदळलं, की कुठल्या मजल्यावरची टाइल असावी याचा अंदाज जाणकार लावतात.

हसून झालं असेल तर एक गोष्ट गांभीर्याने. या शहराला दुरुस्ती परवडते की नाही, हा प्रश्नच नाही. ती टाळणं परवडत नाही. पटेल कंपाउंडमधली जिलानी इमारत २१ सप्टेंबर २०२०च्या पहाटे कोसळली, त्यात चाळीसच्या आसपास माणसं गेली. दर पावसाळ्याआधी धोकादायक इमारतींच्या याद्या निघतात. कुठली रिकामी करायची, कुठली दुरुस्त करायची, हे त्यांत ठरतं. ज्या घरांना दुरुस्ती करा म्हणून सांगायचं, त्यांना राडारोडा ठेवायला जागाच द्यायची नाही, याला कारभार म्हणत नाहीत.

जमत नाही असंही नाही. मुंबईत महापालिकेला फोन केला की घरगुती दुरुस्तीचा ५०० किलोपर्यंतचा राडारोडा फुकट उचलतात. शहर भागातला माल प्रक्रियेसाठी शिळफाट्याजवळ डायघरला येतो, म्हणजे आपल्याच ठाणे जिल्ह्यात. तिथे त्याची खडी आणि वाळू होते. अशी खडी काँक्रीटमध्ये ठरावीक प्रमाणात वापरायला भारतीय मानक ३८३ची २०१६पासून परवानगी आहे. दक्षिण मुंबईची फुटकी लादी शिळफाट्यापर्यंत येऊन मार्गी लागते. डायघरच्या शेजारी राहणारी आमची लादी जिन्याखालीच म्हातारी होते.

तेव्हा निवाडा असा : राडारोडा ज्याच्या घरातून निघाला त्याचा. कॉन्ट्रॅक्टर फार तर त्याचा हमाल. म्हणून हातोडा पडण्याआधी कोटेशनमध्ये एक ओळ लिहून घ्या : भरणं, उतरवणं, नेणं कुणाकडे, आणि कुठे टाकलं त्याची पावती. पावती हाती येईपर्यंत शेवटचा हप्ता देऊ नका. आणि महापालिकेने प्रत्येक प्रभाग समितीत निदान एक जागा कुंपण घालून, फलक लावून द्यावी, की पावती फाडणारं कुणीतरी तिथे बसलेलं सापडेल. ती जागा मिळेपर्यंत नगरसेवक मतं मागायला आले, की चहाच्या आधी त्यांना जिन्याखालच्या गोण्या दाखवा.