शेगडी आणि सहाशेची रेड

घरच्या शेगडीवर भाजलेलं जेवण आणि रेड वाइन यांचं लग्न लावायचं, तर आधी पत्रिका पाहावी लागते. परदेशी पुस्तकांतली पत्रिका फार सोपी असते. लाल मांसाला लाल वाइन, पांढऱ्या मांसाला पांढरी. रंग जुळले की अक्षता टाका. हे नियम ज्यांनी केले, त्यांनी मांसाला मीठ आणि मिरपुडीपलीकडे काही चोळलेलं नव्हतं. आपल्याकडे कोंबडी पांढरी की बोकड लाल, हा प्रश्न वाटणाखाली रात्रभर मुरत पडलेला असतो. म्हणून या मार्गदर्शनाचं पहिलं आणि जवळजवळ एकमेव कलम असं: वाइनची गाठ प्राण्याशी बांधू नये, वाटणाशी बांधावी.

बाकी सगळा तपशील. तो भरपूर आहे.

सुरुवात कायद्यापासून. महाराष्ट्रात वाइन प्यायला वयाची २१ वर्षं पूर्ण हवीत आणि १९४९च्या दारूबंदी कायद्याखाली परवानाही हवा. तो परवाना प्रकृतीच्या जपणुकीसाठी दिला जातो. तेव्हा शेगडीशेजारी बसून आपण जे करतो ते औषधोपचारात मोडतं, हे घरातल्या ज्येष्ठांना आधीच सांगून ठेवावं. माझ्या आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, ‘‘मग जेवणानंतर चमच्याने घे.’’

नंतर दुकान. ज्या दुकानाच्या पाटीवर ‘वाइन्स’ असं लिहिलेलं असतं, तिथे वाइन मागणारा माणूस दुर्मीळ. मी रेड मागितली, तेव्हा काउंटरवरच्या पोराने मला नखशिखान्त न्याहाळलं आणि विचारलं, ‘‘पाहुणे आलेत का, काका?’’ वाइनच्या बाटल्या असतात सगळ्यात वरच्या फळीवर, ट्यूबलाइटला खेटून, उन्हाळा सोसत उभ्या. दर्शनी काचेतली बाटली तर चुकूनही घेऊ नये. ती तिथे वाळवणाला ठेवलेली असते. सुपरमार्केटांत आणि मोठ्या किराणा दुकानांत बेसन-पोह्यांशेजारी वाइन मिळावी, असा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२२च्या जानेवारीत घेतला होता. त्यावर जो गदारोळ झाला तो आपण सर्वांनी पाहिला. आमच्या वाण्याकडे बेसन अजून एकटंच आहे.

बाटलीवरचं साल वाचावं आणि सगळ्यात अलीकडचं उचलावं. जुना तांदूळ, जुनं लोणचं, जुना गूळ यांच्या नादाने आपण जुन्या वाइनलाही भुलतो. पण सहाशे रुपयांची रेड तरुणपणीच प्यायची असते. कपाटात पाच वर्षं ठेवल्याने तिचं अमृत होत नाही. फळाचा वास तेवढा उडून जातो. एक गंमत मात्र ध्यानात ठेवावी. युरोपात द्राक्षं सप्टेंबरच्या सुमाराला खुडतात, आपल्याकडे जानेवारी ते मार्चमध्ये. म्हणजे एकाच सालातली नाशिकची बाटली फ्रान्सच्या बाटलीहून सहा महिन्यांनी थोरली. तिला अहोजाहो करावं.

गावं कुठली धरावीत? शामराव चौगुल्यांनी ऐंशीच्या दशकात नारायणगावला वाइन करायला घेतली, राजीव सामंतांनी १९९९मध्ये नाशिकला ‘सुला’ सुरू केली, आणि २००१च्या धोरणात सरकारने राज्यातल्या द्राक्षांच्या वाइनला करात सूट दिली. आपल्यासारख्यांना बाटली परवडते त्यात या सवलतीचा वाटा आहे. नाशिक-दिंडोरीकडची शिराझ आणि कॅबरने सगळीकडे मिळते. अकलूजच्या उसाच्या मुलखात सांजोवेसे हे इटलीचं द्राक्ष पिकतं, तेही चाखून पाहावं.

आता तपमान. पुस्तकात ‘रेड वाइन खोलीच्या तपमानाला द्यावी’ असं असतं. ती खोली युरोपातल्या जाड भिंतींच्या घरातली, १६ ते १८ अंशांची. मे महिन्यात आमच्या वरच्या मजल्यावर ३६ अंश असतात आणि त्या तपमानाला रेड वाइनचा काढा होतो. बाटली दीड-दोन तास फ्रिजमध्ये ठेवावी, सोलकढीच्या पातेल्याशेजारी. या एका गोष्टीने सहाशेची बाटली हजाराची लागते, हे मी शपथेवर सांगतो. आमचे मोठे दाजी कृषी खात्यातून निवृत्त झाले आहेत. ते सरळ ग्लासात बर्फाचा खडा टाकतात. जाणकार याला पाप समजतात. मी मे महिन्यापुरतं समजत नाही.

कोळसा इस्त्रीवाल्याकडून घ्यावा. सुपरमार्केटातली ‘बार्बेक्यू’ लिहिलेली पिशवी घेऊ नये. आत कोळसाच असतो आणि बाहेर इंग्रजी. खाली करवंट्या, वर कोळसे, कापराची वडी, आणि वारा घालायला पुठ्ठा. पुठ्ठ्यासाठी घरातला सर्वांत कमी वाइन पिणारा माणूस नेमावा. निखाऱ्यांवर पांढरी राख धरल्याशिवाय जाळीवर काही ठेवायचं नाही. ज्वाळा दिसत असताना ठेवलेली कोंबडी बाहेरून वैकुंठात पोचलेली असते आणि आतून अजून खुराड्यातच असते.

आता गुणमेलन. रेड वाइनमध्ये टॅनिन असतं. जास्त जांभळं खाल्ली की तोंडाला जी मिठी बसते, ती त्याचीच. चरबी आणि प्रथिनं ही मिठी सोडवतात, म्हणून निखाऱ्यावर चरचरणाऱ्या मटणाच्या चापेशी कॅबरनेचं बरं जमतं. पण मिरचीला मंगळ आहे. मिरची तोंडातल्या ज्या केंद्राला डिवचते, त्यालाच अल्कोहोलही डिवचतं. वर टॅनिनचा तुरटपणा. कांदा-लसूण मसाला सढळ हाताने चोळलेली तंगडी आणि साडेतेरा टक्क्यांची दणकट कॅबरने यांचं लग्न मी एकदा लावून पाहिलं. पहिल्या घोटाला कान गरम झाले, दुसऱ्याला दाजींनी चष्मा काढला, तिसऱ्याच्या आधी दहीभात मागवण्यात आला.

मंगळाची शांत करायचे दोन उपाय आहेत. एक, वाटण दह्यात मुरवावं आणि तिखट निम्म्यावर आणावं. दुसरा उपाय लिहिताना माझी प्रतिष्ठा पणाला लागते आहे, पण लिहितो: गोव्याची गोड पोर्ट. तिच्यावर हसणारे पुष्कळ. पण साखर मिरचीला समजावते, हे आपल्या आज्यांना वाइनशिवाय ठाऊक होतं. त्या आमटीत गूळ टाकत. झणझणीत तंगडी आणि थंड केलेली पोर्ट एकदा घेऊन पाहा आणि कुणाला सांगू नका.

काळी मिरी मात्र मंगळाची नाही. मिरीला जो वास असतो त्यामागे रोटंडोन नावाचं द्रव्य आहे आणि तेच शिराझमध्येही सापडतं, असं ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००८मध्ये दाखवलं. म्हणजे हे सगोत्र लग्न, तरी उत्तम चालतं. आलं, लसूण, मीठ आणि भरड कुटलेली मिरी लावून कलेजीचे तुकडे सळईवर ओवावेत, अर्ध्या कांद्याने तेल फिरवावं, आणि शिराझ ओतावी. साधारण पाचातल्या एकाला या द्रव्याचा वासच येत नाही. आमच्या घरातले ते एक म्हणजे दाजी. ‘‘मिरी कुठाय?’’ असं विचारत त्यांनी ग्लासात वरून मिरपूड भुरभुरली.

शाकाहारी मंडळींनी उपाशी बसू नये. वांगं थेट निखाऱ्यावर भाजून, साल काढून, कच्चा कांदा आणि शेंगदाण्याचं कूट घातलेलं भरत हे शिराझचं सर्वांत सभ्य स्थळ आहे. धूर आणि धूर भेटतात. मांसाहाऱ्यांसाठी रायगडातली पोपटी तर रेडशी सहज जुळते: भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, मीठ, ओवा आणि मडक्यात पुरलेली कोंबडी. वाटणच नसल्याने भांडणही नाही. पोपटीचे दिवस थंडीचे असल्यामुळे बाटली फ्रिजमध्ये ठेवायलाही नको.

ग्लास काचेचा असावा. पाय असलेला नसेल तर कटिंगचा चालतो. बूच बाटलीत पडलं तर चहाच्या गाळणीतून गाळावं, मात्र गाळणी आधी धुवावी. हा सल्ला मी अनुभवातून देतो. वेलदोड्याचा सुगंध हा त्या वाइनचा गुणधर्म असल्याचं दाजी अजून मानतात.

राहिला बांगडा. मागच्या रविवारी मी आगळ आणि हळद लावून चार बांगडे जाळीवर टाकले. पाठीचा निळा काळवंडला, पोटातून तेल निखाऱ्यावर ठिबकलं, सगळ्या मजल्यांवर वास गेला आणि सोसायटीच्या सेक्रेटरींचा फोन आला. मी कॅबरने ओतली. एक घास, एक घोट, आणि तोंडात खिळा चोखल्यासारखी चव. कारण नंतर वाचलं. रेड वाइनमधलं लोह माशाच्या तेलाशी गाठ पडताच हा उग्र दर्प उठतो, असं जपानमधल्या संशोधकांनी २००९मध्ये सुकवलेल्या शिंपल्या वाइनमध्ये बुडवून सिद्ध केलं. ही एकनाड, हिच्यावर दही, गूळ, बर्फ काही चालत नाही. आईने न बोलता फ्रिजमधून पातेलं काढलं आणि वाट्या भरल्या. बांगडे संपले, बाटली अर्धी उरली. बूच लावून फ्रिजमध्ये ठेवली, ती मंगळवारी भरताबरोबर संपली. उघडलेली रेड फ्रिजमध्ये तीनेक दिवस टिकते. बांगड्याबरोबर सोलकढी प्यावी.