बारा सागरी मैलांचा न्याय
1962 ते 1971 या काळात अमेरिकेने व्हिएतनामच्या अरण्यांवर जे ‘एजंट ऑरेंज’ आदी पर्णनाशकांचे विष शिंपडले, त्याने वृक्ष काही आठवड्यांतच निष्पर्ण केले. परंतु ज्या सैनिकांच्या देहात ते मुरले, त्यांच्यापैकी कित्येकांचा निकाल लावण्यास त्याने दशकांची मुदत घेतली, आणि या विलंबाचा जाब सरकारी दफ्तराने विषाला न विचारता विधवेला विचारला. मृत्यूच्या दाखल्यावर डॉक्टरने नुसते ‘हृदयक्रिया बंद पडल्याने’ असे लिहिले (ती चालू राहून कोण मरतो, हे मला ठाऊक नाही), की मृत्यू विषाने झाल्याचे दाखवता न आल्याने तिचा निर्वाहभत्त्याचा अर्ज अडलाच म्हणून समजावे. नौसैनिकांची तऱ्हा पूर्वी याहून सूक्ष्म होती: ज्याचे पाऊल भूमीवर पडले त्याला विषबाधा गृहीत, जो किनाऱ्यासमोर जहाजावरच राहिला त्याला ती पुराव्यानिशी शाबीत करणे प्राप्त, कारण वारा वाळूपाशी येऊन शिस्तीत थांबतो, असा दफ्तराचा समज असावा. 2019 च्या कायद्याने ही हद्द बारा सागरी मैल पुढे सरकवली. 2022 साली उच्च रक्तदाबही या विषाचे फळ म्हणून ग्राह्य धरलेल्या विकारांत दाखल झाला. सबब पूर्वी नामंजूर झालेल्या विधवेने नव्याने अर्ज करण्यास हरकत नाही, अर्थात ती हयात असल्यास.