पहारा : दोन ते चार

चारचौघांत गाण्याची भीती हा महाराष्ट्रात सर्वत्र आढळणारा विकार असून त्याचे पहिले लक्षण बहुधा पाहुण्यांसमोर दिसते. पाहुणे चहाला टेकले की घरातल्या मुलाला ‘म्हण रे एखादं गाणं’ असा हुकूम सुटतो आणि मूल पडद्यामागे जाते. पुढे ते मोठे होते, नोकरीला लागते, घरासाठी कर्जही काढते. पण गाण्याचा विषय निघाला की त्याची नजर अजून पडदा शोधते. अशी माणसे वाढदिवसाला फक्त टाळ्या वाजवतात आणि गाण्याच्या भेंड्यांत, अक्षर कोणतेही येवो, ‘ठ’ आल्यासारखा चेहरा करतात.

विकाराची यंत्रणा सोपी आहे. भीतीने शरीरात ॲड्रेनलिन वाढते, तोंडाला कोरड पडते, श्वास उथळ होतो आणि स्वरयंत्राभोवतीचे स्नायू आवळतात. गाण्याला लांब श्वास आणि मोकळा गळा लागतो. भीती नेमके तेवढेच काढून घेते. आवाज चिरकतो आणि चिरकलेला आवाज ऐकून, आपण घाबरलो ते योग्यच होते, अशी रुग्णाची खात्री पटते. सुरांतला फरक मुळातच न कळणारी माणसे शंभरात जेमतेम एक-दोन असतात. उरलेल्यांना सहावी-सातवीत कोणीतरी ‘तू नुसते ओठ हलव’ असे सांगितलेले असते, एवढेच.

शिकवणी लावून हा विकार सहसा हटत नाही, कारण तिथे एक गातो आणि एक ऐकतो. ऐकणारा शिल्लक आहे तोवर भीतीला खुराक आहे. गावाकडे मात्र यावर एक जुना उपचार चालत आला आहे आणि गंमत म्हणजे त्याला कोणीच उपचार समजत नाही. तो म्हणजे अखंड हरिनाम सप्ताह. पत्रिकेवर कार्यक्रम ठरलेला असतो : पहाटे काकडा, मग ज्ञानेश्वरीचे पारायण, दुपारी गाथा भजन, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन, त्यानंतर हरिजागर आणि शेवटच्या दिवशी काला. मोठमोठ्या महाराजांचे फोटो पत्रिकेवर असतात. मंदिराच्या भिंतीवर चिकटवलेला पहाऱ्यांचा कागद मात्र पत्रिकेत नसतो, आणि खरे औषध त्या कागदावर आहे.

सप्ताहात वीणा खाली ठेवायची नाही, असा दंडक. सात दिवसांचे 168 तास होतात. दोन-दोन तासांचे पहारे धरले तर 84 पहारे, आणि प्रत्येकाला एक वीणेकरी व निदान दोन टाळकरी. गावात गळा असलेली माणसे पाच-सहा. त्यातली दोन एकमेकांशी बोलत नाहीत, त्यामुळे त्यांना एका पहाऱ्यात घालता येत नाही. अशा वेळी निवड समिती नावाची गोष्ट संपुष्टात येते. कागद घेऊन फिरणारे आबा ‘तुला गाता येतं का’ असे विचारतच नाहीत. ‘तुला जाग येते का’ असे विचारतात. येते म्हटले की ‘रात्री दोन ते चार’ या रकान्यात नाव पडते.

रात्री दोन ते चार ही गाणे शिकण्याची उत्तम वेळ आहे. मंडपात श्रोते म्हणून एक कुत्रे, सतरंजीत गुंडाळलेले मांडववाले आणि समईची वात. सोबतचे टाळकरी अर्धे झोपेत. इथे सूर चुकला तरी दखल घेणारा कोणी नसतो. सूर थांबला तर मात्र सगळे जागे होतात. आयुष्यात पहिल्यांदाच रुग्णाला कळते की आपल्या गाण्यापेक्षा आपल्या गप्प बसण्याचा लोकांना जास्त त्रास होतो.

दुसरी पायरी हरिपाठाची. ज्ञानदेवांचा 27 अभंगांचा हरिपाठ ओळीत उभे राहून, पावल्या टाकत म्हणतात. हातांत टाळ, पायांत पावली, डोळे शेजाऱ्याच्या पायांवर. भीतीला बसायला रिकामा अवयवच उरत नाही. अभंगाची घडणही भित्र्यांच्या सोयीची : पुढच्याने चरण म्हणायचा आणि मागच्यांनी धृपद उचलायचे. नवखा अर्धी मात्रा मागून येतो, शब्दाचा शेवट तेवढा ठणकावून म्हणतो आणि अख्खा अभंग पाठ असल्याचा देखावा उभा राहतो.

टाळाचे उपकार तर वेगळेच. कानाजवळ काशाचे टाळ घणघणू लागले की स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, आणि तो ऐकू यावा म्हणून माणूस नकळत तो चढवतो. गोंगाटात आवाज आपोआप वाढतो, हे एत्येन लोंबार या फ्रेंच डॉक्टराने 1911 साली मांडले. टाळकऱ्यांना ते त्याआधीपासून अंगवळणी पडले होते. म्हणूनच ज्याला वाटते की आपण पुटपुटतो आहोत, तो बहुतेक वेळा वेशीपर्यंत ऐकू येत असतो. एकत्र गाण्यात कोणी थोडा वर, कोणी थोडा खाली असतो. या फरकांनी मिळून समूहाचा आवाज भरदार होतो. चुकीचाही मान राखणारे असे गणित शाळेत असते तर पुष्कळांचे भले झाले असते. शिवाय भजनाची पट्टी इतकी वर लागलेली असते की सगळ्यांच्याच गळ्याच्या शिरा ताणलेल्या दिसतात, मग एकट्याने लाजायचे कशाला? स्वीडनमधील गॉथेनबर्गच्या संशोधकांना 2013 साली असेही आढळले की एकत्र गाताना गाणाऱ्यांच्या हृदयाचे ठोके बरोबरीने कमी-जास्त होतात. सप्ताहात ते पखवाजाच्या तालावर होत असावेत. कोणी मोजलेले नाहीत.

गोव्यात वास्कोला दामोदराच्या देवळातल्या सप्ताहात 24 तास अखंड भजन चालते. तिथेही पहाटेच्या पाळीला गळ्यापेक्षा जागरणाची पत मोठी.

उपचाराचा एक दुष्परिणाम नोंदवला पाहिजे. तीन-चार सप्ताह पार पडले की पूर्वीचा रुग्ण कीर्तनात टाळकऱ्यांच्या मागच्या रांगेतून पुढच्या रांगेत सरकतो. बुवांनी श्वास घेतला की तेवढ्या फटीत चाल सांगतो. ध्वनिक्षेपक समोर आला की पाय रोवून उभा राहतो. मृदंगाचार्यांकडे यावर एकच तोड असते : लय दुप्पट करून अभंग संपवणे. पहाऱ्याच्या कागदावर तो आता आपले नाव स्वतः लिहितो, संध्याकाळच्या गर्दीच्या रकान्यात. आबा ते खोडतात आणि पुन्हा दोन ते चारमध्ये घालतात. चार वाजता काकड्याची मंडळी येतात, पाळीचा माणूस पाया पडून वीणा मागतो, आणि हा डोळे मिटून मानेनेच सांगतो, ‘थांबा माउली, एवढा चरण होऊ द्या.’