राणी केतेवानचा मानपाड्याचा नातू

माझ्या सासरवाडीला कुलवृत्तांत आहे. लाल कापडी बांधणी, वर सोनेरी अक्षरं. आमच्या घरातला सर्वांत जुना कागद म्हणजे रेशनकार्ड. दर दिवाळीला होणारी ही कुचंबणा संपवायची म्हणून मी आईच्या बाजूने चढाई करायचं ठरवलं. कुलवृत्तांत पुरुषांचा, बायका तिथे 'सौ.' लावून कोपऱ्यात. मायटोकाँड्रियाचा डीएनए मात्र आईकडूनच येतो. 16,569 अक्षरांचा हा मजकूर आई, आजी, पणजी असा थेट मागे नेतो. माझं आजोळ गोव्याचं, आजीचे डोळे घारे. त्यात केतेवानची हकीकत वाचली आणि मी हवेतच गेलो.

केतेवान ही जॉर्जियाची राणी. 1624 साली शिराझमध्ये इराणच्या शाह अब्बासने तिला हाल हाल करून मारलं. ऑगस्टिनियन पाद्र्यांनी तिचे अवशेष जुन्या गोव्यात आणले. तिथल्या पडक्या मठात 2004 साली पुरातत्त्व खात्याला हाताचं हाड सापडलं. हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेने त्यातला डीएनए वाचला. हॅप्लोग्रुप, म्हणजे आईकडच्या वंशाची शाखा, निघाला यू1बी. भारतातल्या हजारो नमुन्यांत तो नव्हता, जॉर्जियातल्या नमुन्यांत होता. 2021 मध्ये ते अवशेष सन्मानाने जॉर्जियाला सुपूर्द झाले.

आजीच्या डोळ्यांचा उगम मला सापडला होता. आई मेथी निवडत होती. ऐकून म्हणाली, "अरे, गोव्याला तिचा हात आला. तोही मेल्यावर."

मुद्द्याला फाटे फोडायची तिला सवयच आहे.

मी डीएनए चाचणी मागवलीच. तिच्या नळीत रेघेपर्यंत थुंकायचं, फेस धरायचा नाही आणि आधी अर्धा तास चहासुद्धा नाही. तोंडाला कोरड पडली. चिंच आठवली, मामलेदारची मिसळ आठवली, रेघ काही गाठेना. शेवटी बायको समोर बसून लिंबू चिरू लागली.

आमच्या लिफ्टमध्ये 'थुंकल्यास 500 रुपये दंड' अशी पाटी आहे. तिच्याखाली नळी छातीशी धरून मी उतरलो. वॉचमनने विचारलं, "लॅबला का साहेब? शुगर?"

"वंश," मी म्हणालो.

"होईल बरं," तो म्हणाला.

अहवाल आला. हॅप्लोग्रुप एम. भारतातले निम्म्याहून अधिक लोक एमवालेच. म्हणजे घोडबंदर रोडच्या सिग्नलला तुंबलेल्या निम्म्या गाड्या माझ्या मावसभावंडांच्या. तरीच कुणी हॉर्न आवरत नाही, घरचीच माणसं! डोळ्यांच्या रंगाचा मायटोकाँड्रियाशी काडीचा संबंध नसतो, हे शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत होतं.

निदान कुलवृत्तांताला तरी खिंडार पडावं म्हणून बायकोचाही नमुना पाठवला. तीही एम. उपशाखासुद्धा आमचीच.

आईचा चेहरा खुलला. "म्हणजे सून माझ्याच आजोळची!"

तेव्हापासून घरात दोघींचा एक पक्ष आहे. लेकीला तो डीएनए तिच्या आईकडून मिळालाय, ती पुढे नेईल. बापाचा पुढे जात नाही, माझा मुक्काम मानपाड्यालाच.

"तुमचं पुढे कुठे जायचं नाहीये ना," बायको म्हणाली, "मग खाली जाऊन कोथिंबीर तरी आणा."